मायनस साडेसाती

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात लेझर तीन ठिकाणी मारतात.

पहिला रानात. बांधाला तिपाईवर गरगर फिरणारं यंत्र उभं करायचं, ट्रॅक्टरमागे पातं जोडायचं, की संध्याकाळपर्यंत उंचसखल वावर कॅरमच्या पाटासारखं सपाट. दुसरा मिरवणुकीत. डीजेच्या भिंतीवरून हिरवे झोत सुटतात ते थेट नाचणाऱ्यांच्या डोळ्यांत. २०२३च्या विसर्जनानंतर या झोतांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी राज्यात आल्या आणि २०२४ला पुणे पोलिसांनी असल्या झोतांवर बंदी घातली. (बंदी कुणाला ऐकू गेली नसेल तर दोष डीजेचा.) तिसरा लेझर पुण्याला जाऊन मारून घेतात. तोही डोळ्यांतच, पण पैसे मोजून, आणि त्याआधी घरात दोन महिने रुसून.

आमच्याकडे ‘लेसिक केलं’ असं कोणी म्हणत नाही. रोटर मारला, फवारा मारला, तसा लेझर मारला. चष्मा लागलेल्या पोराला शाळेत ‘ढापण्या’, कॉलेजात ‘बॅटरी’ आणि घरात ‘मोबाईल बघून बघून’ एवढं ऐकावं लागतं, की बारावीनंतर तो इंजिनिअरिंगला जायचं का शेतीत हे ठरवत नाही, लेझर कधी मारायचा ते ठरवतो.

कारणं मी वर्षभर गोळा केली. चष्म्याने नाक दुखतं म्हणणारा एक निघाला. पावसात दिसत नाही म्हणणारे दोन, दोघंही दूध घालणारे, त्यांचं खरंच आहे. बाकी सगळा माल दोन खात्यांत: भरती आणि सोयरीक. म्हणजे ज्यांनी आपल्याला निवडायचंय त्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून आपला डोळा कापून घ्यायचा.

बहीण दौंडला दिलीय. दौंडात पोरगं उभं राहायला शिकलं की धावायला लागतं. राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट तिथे, पाच आणि सात नंबरचे. पलीकडे नानवीजला प्रशिक्षण केंद्र. आणि मधोमध जंक्शन. त्यामुळे पोराला खाकी तरी घालायची असते, नाहीतर इंजिनात तरी चढायचं असतं. भाच्याचे आजोबा रेल्वेत होते, म्हणून याला इंजिन. असिस्टंट लोको पायलट. वय चोवीस, पहाटे चारला उठतो, गणिताचे क्लास लावलेत, आणि दोन्ही डोळ्यांना मायनस तीन.

“मामा, दिवाळीनंतर लेझर मारून घेतो. निम्मे पैसे तुम्ही द्या.”

“जाहिरात वाचलीस का?”

“वाचली की. सहा-सहा नजर लागते, चष्म्याशिवाय. म्हणून तर मारायचाय.”

पोरं जाहिरात वाचतात ती जागा किती आणि शेवटची तारीख कोणती एवढ्यापुरती. मी पुढचं वाचून दाखवलं. लोको पायलटला ‘ए-वन’ नावाचा वैद्यकीय दर्जा लागतो. दोन्ही डोळे चष्म्याविना सहा-सहा. रंग ओळखता आले पाहिजेत, रात्रीचं दिसलं पाहिजे, आणि संधिप्रकाशात, म्हणजे धड दिवस नाही धड रात्र नाही अशा वेळी, किती दिसतं तेही तपासतात. आणि ज्याने लेसिक किंवा नंबर घालवायची दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया करून घेतलीय, तो अपात्र. हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीतही तेच: कॉर्नियावर लेझर झालेला चालत नाही. लष्करातल्या काही अधिकारी पदांना चालतो, पण तिथे लेझर कोणत्या वयात झाला, किती महिने उलटले, कॉर्निया किती जाड उरला, डोळा किती लांब आहे, सगळं मोजतात. प्रत्येक दाराला वेगळं कुलूप, आणि पोरं एकच किल्ली करून घ्यायला निघालेली.

“त्यांना कळत नाही ओ मामा. अकॅडमीतला एक जण सांगत होता.”

हा अकॅडमीतला एक जण कोण आहे, तो कुठे राहतो, हे मला एकदा शोधायचंय. कळतं, बाबा. लेझर मारताना कॉर्नियाचा वरचा थर झाकणासारखा उचलतात; सूक्ष्मदर्शकाखाली डोळा धरला की त्या जागेची गोल कड दिसते, पातेल्याच्या बुडाचा ओट्यावर डाग राहतो तशी. जाडी मोजली की कमी भरते. उंचसखलपणाचा नकाशा काढला की मधलं रान सपाट केलेलं रंगांतच उमटतं. शेत सपाट केलेलं तलाठ्याला एक वेळ नाही कळणार. शेजाऱ्याला कळतंच.

आता हे सपाट करणं म्हणजे काय ते सांगतो. बुबुळावरची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. मध्यभागी जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त; आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला तर सात-आठ केस एकावर एक. मायनस नंबरच्या डोळ्यात प्रकाश पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो. कॉर्नियाचा मधला उंचवटा घासून चपटा केला की तो मागे सरकतो आणि पडद्यावर पडतो. एका नंबराला साधारण १२ ते १५ मायक्रॉन घासावे लागतात. लेसिकमध्ये त्याआधी वरचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा थर पापुद्र्यासारखा कापून, एका बाजूला बिजागरी ठेवून उलटा टाकतात, आत घासतात आणि झाकण परत बसवतात. टाका नाही, भूल म्हणजे डोळ्यात टाकलेले थेंब, आणि एका डोळ्यावर लेझर चालतो तो सेकंदांत मोजण्याइतका. केस जळल्यासारखा वास येतो. तो जळण्याचा नव्हे, उडालेल्या पेशींचा.

या लेझरच्या जन्मकथेत आपला एक माणूस आहे. १९८१च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत घरच्या मेजवानीतला उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन आले. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स वाईन हे त्यांचे जोडीदार. १९३ नॅनोमीटरचा अतिनील लेझर त्यांनी त्या तुकड्यावर धरला, तर सुरेख खाच पडली, आजूबाजूचं काही करपलं नाही. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती खाच उचलली, आणि २०१३ला तिघांच्या कामाला ओबामांनी पदक दिलं. आपल्याकडे गटारीच्या दुसऱ्या दिवशी नळीसुद्धा उरत नाही. शोध लागणार कसा?

तर हिशेब. ५४०मधून झाकणाचे ११० गेले, तीन नंबराचे ४५ गेले, खाली ३८५ उरले. उत्तम. किमान २५० तरी उरले पाहिजेत, आणि जपून वागणारा डॉक्टर ३००च्या खाली जायला कुरकुरतो. पण सगळ्यांचा कॉर्निया ५४० नसतो आणि सगळ्यांचा नंबर तीन नसतो. आठ-नऊ नंबरवाल्याचा कॉर्निया ४९० निघाला, की बेरीज-वजाबाकी करणाऱ्याच्या कपाळाला घाम यायला हवा.

इथे आपली विमा पॉलिसी प्रवेश करते. आरोग्य विम्यात काय भरून मिळणार नाही याची जी ठराविक कलमं विमा नियामकाने घालून दिलीत, त्यांत एक डोळ्याच्या नंबराचं आहे: साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर तो घालवायचा खर्च मिळणार नाही. म्हणजे तीन-चार नंबर, जिथे डॉक्टर निर्धास्त असतो, तिथे विमा हात वर करतो. आणि साडेसातच्या पुढे, जिथे डॉक्टर विचारात पडतो, तिथे विमा म्हणतो, या बसा. शनी महाराज विमा कंपनीत कधी रुजू झाले ते कळायला मार्ग नाही, पण आकडा त्यांचाच आहे.

माझा नंबर साडेसहा. साडेसातीला एक कमी पडला. तरी दहा वर्षांपूर्वी मीही गेलो होतो, फ्लेक्स बघून. नगर रोडला चौकात उमेदवारांच्या वाढदिवसांच्या मधोमध तो लागला होता: एक हसणारी मुलगी, हवेत उडवलेला चष्मा आणि मर्यादित काळासाठी सवलत. डोळ्याच्या शस्त्रक्रियेला मर्यादित काळाची सवलत असू शकते हे वाचूनही मी आत शिरलो, यावरून माझी नजर तेव्हा किती अधू होती ते कळेल. आतल्या डॉक्टरांनी मात्र दोन तास तपासलं, रंगीत नकाशा काढला, आणि बोट ठेवलं: खालच्या बाजूला हा भाग जरा उभार आहे, जाडीही ४८० आहे, तुम्हाला करणार नाही. मी म्हटलं, थोडं कमी करा, दोन नंबर ठेवा. भाजी घेतल्यासारखं. ते हसले नाहीत. तपासणीची पावती घेऊन बाहेर आलो तेव्हा अपमान वाटला होता. आता वाटतं, त्या माणसाने हातातलं गिऱ्हाईक घालवलं, ते फ्लेक्सच्या मालकाला कळलं असेल का?

त्या उभार भागाचं नाव केराटोकोनस, किंवा त्याची चाहूल. कॉर्निया कमजोर होऊन पुढून बोराच्या टोकासारखा निमुळता होत जातो. असा कॉर्निया घासला, की तो आणखी ढासळतो, आणि चष्मा काढायला गेलेल्याला चष्म्यानेही दिसेनासं होतं. मग कडक लेन्स घाला, ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया ताठ करा, फारच गेलं तर दुसऱ्याचा कॉर्निया बसवा. ताठ केल्याने पुढची पडझड थांबते, झालेली भरून येत नाही. हा आजार दूरदेशीचा म्हणावा, तर नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीवरच्या साडेचार हजारांहून जास्त माणसांची पाहणी झाली, २००९ला ती छापून आली, आणि शंभरात दोनाहून जास्त जणांचा कॉर्निया ठरवलेल्या मर्यादेपेक्षा उभा निघाला. पाहणीची मोजपट्टी ढोबळ होती, हे खरं. पण ढोबळ मोजपट्टीला एवढं सापडलं! या आजाराच्या जोडीला डोळे चोळायची सवय फार वेळा सापडते. आणि मळणीच्या धुळीत, उसाच्या कुसात, गुऱ्हाळाच्या धुरात वाढलेल्या आमच्या पोरांचा राष्ट्रीय व्यायाम म्हणजे मुठीने डोळे चोळणे. तेव्हा नकाशा काढल्याशिवाय जो लेझर मारायला तयार होईल, त्याच्या दारातून चपला न घालताच पळा.

भाचा म्हणाला, “माझा नकाशा चांगला आला तर?”

येऊ शकतो. बहुतेकांचा येतो. आणि बहुतेकांचं बरंही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या सरकारी औषध-नियंत्रकांनी नौदलातल्या आणि नागरी मिळून ५७४ जणांना लेसिकआधी आणि लेसिकनंतर प्रश्न विचारले; २०१७ला ते छापलं. शंभरातले पंचाण्णवाहून जास्त जण आपल्या नजरेवर खूश होते. पण त्याच पाहणीत, ज्यांना आधी दिव्याभोवती वलयं, चमक, दुहेरी दिसणं असलं काहीही नव्हतं, त्यांच्यापैकी शेकडा त्रेचाळीस ते सेहेचाळीस जणांना तीन महिन्यांनी त्यातलं काहीतरी नव्याने दिसायला लागलं होतं. आधी कोरडेपणा नसलेल्यांत तीसएक टक्क्यांना कोरडेपणा जाणवू लागला. आधीच त्रास असलेल्यांतल्या बऱ्याच जणांचा कमीही झाला. त्रासाने रोजचं काम अडलं असे शंभरात एकही भरत नव्हते. म्हणजे माणसं खूश आहेत आणि वलयंही आहेत. लग्नासारखंच म्हणा.

फक्त ते नौदलवाले रात्री न्हावऱ्याहून चौफुल्याला मोटरसायकलवर जात नव्हते.

गळीत हंगामात तो रस्ता बघा. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरच्या जागी चिखल. समोरून येणाऱ्याच्या गाडीला कंपनीने दिलेला दिवा पसंत पडलेला नसतो, म्हणून त्याने पांढरा शुभ्र एलईडी बसवलेला, आणि डिपर नावाची गोष्ट त्याला शिकवलेली नसते. लेझरने रान सपाट करतात ते मधलं, सहा-साडेसहा मिलिमीटरचं वर्तुळ. दिवसा डोळ्याची बाहुली लहान असते, त्या सपाट रानाच्या आत. अंधार पडला की बाहुली मोठी होते, तरुण पोरांची तर जास्तच, आणि बांध ओलांडून न घासलेल्या उतारावर जाते. मग मधून एक चित्र आणि कडेने दुसरं. समोरच्या दिव्याला काटे फुटतात, भोवती चक्र धरतं. त्या झगमगाटापलीकडे ट्रॉलीचा काळा ढीग कुठे संपतो ते ओळखायचं असतं. आता तिथे चष्म्याच्या माणसालाही दिसत नाही, हा वेगळा मुद्दा. त्याला निदान काच पुसून बघता येतं. शिरूरच्या बेट भागात तर संध्याकाळनंतर माणसं बिबट्याच्या धास्तीने बॅटरी मारत चालतात. तिथे उसाच्या कडेला दोन चमकते ठिपके दिसले तर ते जनावराचे डोळे की स्वतःच्या डोळ्याची करामत, हे ठरवायला पुण्याला जाता येत नाही.

रेल्वे संधिप्रकाशातली नजर का तपासते, हे भाच्याला इथे पटलं. बोलला नाही, पण मोबाईल खाली ठेवला.

डोळा दवाखान्यात सुधारतात आणि वापरतात भलतीकडेच. १९९६ला एव्हरेस्टवर गेलेल्या बेक वेदर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरचं हेच झालं. त्याच्या कॉर्नियावर लेझर नव्हे, त्याआधीच्या जमान्यातल्या ब्लेडच्या चिरा होत्या. मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी गाजवलेली ती पद्धत. विरळ हवेत चिरलेला कॉर्निया सुजला आणि शिखराच्या वाटेवर याला दिसेनासं झालं. जीव वाचला, एक हात गेला, नाक गेलं. त्या चिरांच्या पद्धतीची अमेरिकेत दहा वर्षं पाठपुरावा करून तपासणी झाली, तेव्हा शेकडा त्रेचाळीस डोळे एक किंवा जास्त नंबराने उलट बाजूला, प्लसकडे, सरकलेले निघाले. तेव्हाही सुरुवातीला सगळे खूशच होते. आजचा लेझर त्या चिरांहून कितीतरी सुधारलेला आहे, आणि हे वाक्य त्या चिरांबद्दलही त्या काळी कोणीतरी बोललंच असेल.

कोरडेपणाचं सांगतो. कॉर्नियात नसांचं जाळं एवढं दाट असतं की कुसळ गेलं तरी माणूस नाचतो. झाकण कापताना त्या नसा तुटतात. डोळा कोरडा पडलाय, आता पाणी सोड, पापणी मिटव, असा निरोप ज्या तारांवरून जायचा त्या तारा तुटल्या की निरोप जात नाही. सहसा महिन्यांनी त्या पुन्हा जुळतात. काहींच्या नीट जुळत नाहीत. मग थेंबांची बाटली खिशात कायमची. चष्मा निदान टपरीवर विसरला तर कोणी आणून तरी देतं. फार थोड्यांच्या वाट्याला त्याहून वाईट येतं: डोळा तपासला तर स्वच्छ, आणि आत आग. तपासणाऱ्याला काही दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरतं, घरचे म्हणतात मनावर घेऊ नको. रांजणगावच्या एमआयडीसीत रात्रपाळीला एसीच्या झोताखाली आठ तास पडद्याकडे बघणाऱ्या पोराने, किंवा कुरकुंभला रसायनांच्या वासात काम करणाऱ्याने, लेझरआधी डोळ्यातलं पाणी मोजून घ्यायला काय हरकत आहे? कागदाची एक पट्टी पापणीत अडकवतात, पाच मिनिटं. उसाच्या वजनकाट्यावर याहून जास्त वेळ थांबतो आपण.

आणि ते झाकण. ते पुन्हा बसतं, पण मूळ जोडासारखं कधीच होत नाही. जोराचा मार बसला तर वर्षांनीही सरकू शकतं. म्हणून कुस्ती, कबड्डी, पोलिसी प्रशिक्षण असल्या धसमुसळ्या माणसांना डॉक्टर झाकण नसलेल्या पद्धती सुचवतात. जुनी पीआरके, ज्यात वरची साल खरवडून घासतात. ती चार-पाच दिवस चांगलीच दुखते आणि नजर सावकाश येते. किंवा स्माईल, ज्यात आतल्या आत भिंगासारखी चकती कापून तीनेक मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. नाव स्माईल आहे. बिल बघून येईलच असं नाही. पण आमच्या भागाचा खरा पैलवान म्हणजे उसाचं पान. पाचट काढताना करवतीच्या धारेचं ते पान साध्या कॉर्नियावरून फिरलं तरी बुरशीची जखम होऊन डोळा जायची पाळी येते. झाकणवाल्या कॉर्नियावर ते काय करेल, याचा विचार पुण्याच्या वातानुकूलित खोलीत कोणी करत नसतं, कारण तिथे पाचट नसतं. तुम्हीच सांगायचं असतं, डॉक्टर, मी उसात असतो.

शिरूरात आमचे एक गुरुजी आहेत, निवृत्त. नंबर मायनस तीन. साठीनंतर सगळे मित्र सातबारा हातभर लांब धरून डोळे किलकिले करतात, तेव्हा गुरुजी चष्मा कपाळावर चढवतात आणि इतर हक्काच्या रकान्यातली मुंगीएवढी नोंद घडाघड वाचतात. तलाठी कार्यालयाबाहेर त्यांना भाव आहे. मायनस तीनची ही म्हातारपणीची पेन्शन. लेझर मारलेल्याला चाळिशीत वाचायचा चष्मा लागतो, इतरांना लागतो तेव्हाच. मग तो डॉक्टरवर रागावतो, की तुम्ही कायमचा काढला होता. डॉक्टरांनी लांबचा काढला होता. जवळचा त्यांच्या करारात नव्हता.

पुढे साठीत मोतीबिंदू. आत कोणत्या नंबराचं भिंग बसवायचं याचा हिशेब कॉर्नियाच्या वक्रतेवरून करतात; तो घासलेला असला की नेहमीचं सूत्र चुकतं आणि माणूस उलट्या नंबराचा होऊन उठतो. काचबिंदूसाठी डोळ्यातला दाब मोजायचा, तर पातळ कॉर्नियावर तो आहे त्याहून कमी भरतो. डॉक्टरला आधी लेझर झाल्याचं माहीत नसेल तर ‘नॉर्मल’ लिहून मोकळा. म्हणून लेझरआधीचे सगळे कागद, नंबर, जाडी, नकाशे, घरातल्या पत्र्याच्या पेटीत खरेदीखताशेजारी ठेवायचे. तीस वर्षांनी गावच्या शिबिराच्या रांगेत उभं राहाल तेव्हा कार्यकर्ता विचारणार नाही, तुम्हीच पिशवीतून काढून द्यायचे.

आणि जे कोणी फ्लेक्सवर लिहीत नाही ते: नंबर कॉर्नियात नव्हताच. बहुतेक मायनसवाल्यांचा डोळा मागे लांबलेला असतो. चोवीस मिलिमीटरच्या जागी पंचवीस झाला, की अडीच-तीन नंबर. पुढची काच घासली तरी मागची लांबी तेवढीच राहते, आणि ताणलेला पडदाही तसाच. मोठ्या नंबरवाल्याचा पडदा फाटायचा, सुटायचा धोका चष्म्याबरोबर जात नाही. एकाएकी विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले, कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, तर लेझर झालेला असो वा नसो, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. मला तर चष्म्यामुळे रोज आठवण राहते की आपण अधू आहोत. लेझरवाला विसरतो.

भाच्याने लेझर मारला नाही. इंजिनाचा नाद सोडला की नाही ते माहीत नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची इंजिनं वर्षानुवर्षं दौंडातच उलटी फिरवली, त्या गावचं पोरगं आहे, फिरेल. सध्या त्याने चष्मा चालणाऱ्या दुसऱ्या पदाचा फॉर्म भरलाय. पण बहिणीने दुसरं खातं उघडलं: सोयरीक. “दादा, तू लेझर मारू दिला नाहीस, आता स्थळाला तूच चल.”

मागच्या रविवारी गेलो, केडगावकडे. गाडीतून उतरताना बहिणीने भाच्याच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. “तासाभराचा तर प्रश्न आहे.” तो पायरीला अडखळला, ते लाजून अडखळला असं मुलीकडच्यांना वाटलं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि पहिली बशी तिने नवऱ्या मुलाऐवजी माझ्यापुढे धरली. सगळे हसले. भाच्याने हात पुढे केला तो दुसऱ्या बशीच्या वीतभर अलीकडे थांबला. मध्यस्थांनी विचारलं, काही विचारायचं असेल तर विचारा. दोघांनीही एकमेकांच्या दिशेला, साधारण, बघून मान हलवली.

चहा येईपर्यंत मी नीट पाहून घेतलं. दोघांच्याही नाकावर, डोळ्यांच्या कोपऱ्याखाली, चष्म्याच्या टेकूचे दोन-दोन लाल खळगे होते. खोलीत आणखी कुणाला ते दिसले नाहीत. चष्मा घालून बसलेला तिथे मी एकटाच होतो.